मागची डावी सीट

माझी बायको तापीबाई जाऊन पाच महिने झाले होते. त्या सोमवारी सकाळी मी गोठ्यात होतो, तेवढ्यात गफूरभाईचा नंदुरबारहून फोन आला.

"हेमराजभाऊ, मी गाडी इकी टाकी ऱ्हायनू. विसरवाडीचा व्यापारी ती विकत घ्यायला अकरा वाजता येतोय. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

माझ्या हातातली बादली सुटली. म्हैससुद्धा दचकली.

गफूरभाईची पांढरी टॅक्सी. दीड वर्ष, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याने आम्हा दोघांना कोरीटहून नंदुरबारला डायलिसिससाठी नेलं. तापीबाई मागे डाव्या बाजूला बसायची. तिथली सीट फाटली होती आणि आतली तार टोचायची. एका शुक्रवारी तिने पिशवीतून दाभण आणि गोधडीचा लाल दोरा काढला, आणि दवाखाना येईपर्यंत सीट शिवून टाकली.

"भाभी, मजुरी किती?" गफूरभाईने विचारलं.

"खड्डे चुकव. तीच मजुरी."

तिच्या साड्या मी वाटून टाकल्या होत्या. ही शिवण तेवढी राहिली होती, आणि ती अकरा वाजता विसरवाडीला जाणार होती.

मी शेजारच्या प्रेमचंदला, माझ्या थोरल्या चुलतभावाला, हाक मारली. "मोटरसायकल काढ! मला गाडी घ्यायची आहे."

"तुला चालवता येत नाही."

"मग शिकेन."

"अरे, भाड्याची गाडी बरी. पैसे दिले की दिवसभर तुझं ऐकते. विकतची गाडी दारात उभी राहिली की गावाची होते. कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण. नाही म्हणशील तर तोंड दाखवायला जागा नाही."

"मागच्या डाव्या सीटवर मी कोणालाच बसू देणार नाही."

"बघू," प्रेमचंद म्हणाला, आणि किक मारली.

वाटेत सुरतहून माझ्या मुलीचा, दिपालीचा, फोन आला. तिला प्रेमचंदच्या बायकोने कळवलं होतं. मी मागे बसून फोन कानाला धरला.

"बापू, जुनी टॅक्सी कशाला? पिवळी पाटी बदलायला आरटीओत खेपा घालाल. आता लीजवर नवी कोरी गाडी मिळते. महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, दुरुस्ती त्यांची, तीन वर्षांनी परत द्यायची."

"परत द्यायची?"

"हो, मग दुसरी घ्यायची."

"बेटा, मला हीच हवी आहे. आणि परत द्यायची नाही."

ती हळूच म्हणाली, "आईची शिवण?"

"हो."

"मग फोन ठेवा आणि काकांना जोरात चालवायला सांगा!"

दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही गफूरभाईच्या दारात पोहोचलो. गाडी धुऊन चकचकीत उभी होती. मी मागचं दार उघडलं. आत नवी काळी सीटकव्हरं होती.

"गफूरभाई, हे काय केलंस?"

"व्यापारी फाटकी सीट बघून भाव पाडतो ना, भाऊ."

मी डाव्या सीटच्या कव्हरचं टोक धरून ओढलं. कव्हर निघेना. प्रेमचंदने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ओढलं आणि खालून लाल दोरा दिसला. वाकडे, मोठे टाके. तिने हलत्या गाडीत घातलेले. मी त्यावर हात ठेवला आणि मोठ्याने हसलो. आधी हसलो, मग डोळे पुसले.

"माझी गाडी," मी म्हणालो. "व्यापारी देतोय तेवढेच मी देतो."

"भाऊ, सौदा पक्का नाही, त्याने बयाणा दिलेला नाही. पण तो वाटेत आहे. तुम्ही आधी बयाणा द्या, मग मी त्याला तोंड देऊ शकेन."

मी खिशात हात घातला. घाईत मी गोठ्यातल्याच कपड्यांवर निघालो होतो. पाकीट घरी. प्रेमचंदने पेट्रोलला सगळं दिलं होतं. माझ्या खिशात एक दहाची नोट आणि एक नाणं निघालं.

गफूरभाईने अकरा रुपये घेतले, कपाळाला लावले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. "बयाणा म्हणजे बयाणा, बाकीचे मागून द्या. गाडी तुमनी शे."

व्यापारी आला तेव्हा गफूरभाईने त्याला तीच नोट दाखवली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अकरा रुपयात तर माझ्याकडे वायपरसुद्धा येत नाही! बाबा, अंगाला शेण आणि शौक गाडीचा?"

"शेण माझ्याच म्हशीचं आहे," मी म्हणालो. "गाडीही माझीच."

तो हसत चहा पिऊन गेला.

"आता चालवणार कोण?" प्रेमचंदने विचारलं.

मी गफूरभाईकडे बघितलं. देखभाल झेपत नाही म्हणून त्याने गाडी विकली होती आणि तो दुसऱ्याकडे ड्रायव्हर म्हणून लागणार होता. "माझ्याकडे लाग," मी म्हणालो. "गाडी विकतची, ड्रायव्हर भाड्याचा. दिपालीला सांगतो, सगळ्यांची मतं ऐकली."

गफूरभाई इतका हसला की किल्ली त्याच्या हातातून पडली.

कोरीटला आलो तर बायका दारात जमल्या. कोणी नारळ आणला, कोणी कुंकू. प्रेमचंदच्या बायकोने बोनेटवर स्वस्तिक काढलं. पोरं हॉर्न वाजवत होती. गर्दीच्या मागे फुलवंताबाई उभी होती, हातात नवऱ्याची फाईल घेऊन. तिच्या नवऱ्याला, उदेसिंगला, दोन महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं होतं. ती दोघं पहाटेच्या एसटीने जात आणि येताना तो स्टँडवर आडवा होई.

तिने काही मागितलं नाही. ती फक्त म्हणाली, "भाऊ, गाडी छान शे. ताईंना आवडली असती."

प्रेमचंदने माझ्याकडे बघितलं.

"उद्या मंगळवार ना?" मी विचारलं.

"हो."

"गफूरभाई, उद्या सात वाजता." मग मी मागचं दार उघडून फुलवंताबाईला लाल दोरा दाखवला. "उदेसिंगला इथे बसव. इथे टोचत नाही."