तिसरी डुलकी

प्रसेनजितनं मोटारसायकल घेतली ती हिंडायच्या हौसेनं. पुढं गुरांच्या दवाखान्यातली नोकरी लागली आणि शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा गोऱ्हा वखराला जुंपावा तशी ती गाडी कामाला जुंपली गेली. सकाळी बीबी गावातून निघायचं, कुठं फुगलेली म्हैस, कुठं अडलेली गाय, अशी चार-पाच गावं करायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कंबर एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

त्याच्या बायकोचं, मंजुश्रीचं, मागणं लहानसं होतं. जिथं आपली कोणी वाट पाहत नाही, अशा ठिकाणी एक दिवस गाडीवर जायचं. उन्हाळा गेला, पावसाळाही सरत आला. अखेर या रविवारी लोणारच्या तळ्यावर जायचं ठरलं, तर उजाडताच सुलतानपूरकडच्या तानुबाईचा फोन. गाय रात्री व्याली, पण वार पडली नव्हती. तिकडूनच तळ्यावर जाऊ म्हणत प्रसेनजितनं दोघांची हेल्मेटं बाहेर काढली. मंजुश्रीनं दोघांच्याही हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून पाहिला.

गाईचं काम दहापर्यंत उरकलं. तानुबाईनं चहा पाजला. मग रस्ता मोकळा लागला, वारा अंगाला आला, आणि मंजुश्रीला वाटलं, निघालो बाई एकदाचे.

पुढच्या वळणावर कोणीतरी अर्ध्या रस्त्यावर उडीद पसरला होता. गाड्यांच्या चाकाखाली शेंगा आपोआप फुटतात, मळणीचा त्रास वाचतो. प्रसेनजित त्याला वळसा घालील असं तिला वाटलं. गाडी सरळ शेंगांवर चढली. चाकाखाली चरचर झाली, मागचं चाक घसरलं, कशीबशी गाडी सावरून तो कडेला थांबला.

निंबाखाली बसलेले उडदाचे मालक किसनराव खुशीत उठून आले.

"बरं केलं डॉक्टर. लोक कड्या-कड्यानं निंगून जातात. अजून दोन चकरा हाणा, म्हंजे मोकळा होते उडीद."

प्रसेनजितनं मुद्दाम केल्यासारखा हात वर केला. मंजुश्री हसली. हसता हसता तिची नजर आरशात गेली. त्याचे डोळे लालभडक होते.

ती खाली उतरली.

"तुमी झोपले व्हते?"

"डोळा लागला जरासा."

"पयल्यांदाच?"

त्यानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "तिसऱ्यांदा. या महिन्यात."

मंजुश्रीनं हात लांब करून गाडीची किल्ली काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. तळ्याचं काय, असं त्यानं हळूच विचारलं.

"तळं काय वरातीले चाललं? आंग टाका आधी."

निंबाखाली किसनरावांच्या ताडपत्रीवर तो आडवा झाला. बूट काढायचं भान राहिलं नाही. गाडी बिघडली का, असं किसनरावांनी विचारलं तेव्हा मंजुश्रीनं खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. चाकाबिगर शेंगा फुटत नाहीत, असं काहीसं पुटपुटत ते गेले, आणि फावड्यानं उडीद रस्त्यावरून खाली ओढू लागले.

प्रसेनजितच्या खिशातला फोन वाजला. तिनं तो अलगद काढून घेतला. कोणाची शेळी लंगडत होती. चारा खाते का, एवढंच मंजुश्रीनं विचारलं. खाते म्हटल्यावर, मग डॉक्टर उद्या येतील, असं सांगून तिनं फोन बंद केला. आजवर तिनं त्याच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं.

मग ती त्याच्या उशाशी बसली. बसल्या बसल्या आपल्याशीच गुणगुणू लागली:

*वाट चालते चालते, तिले माईत नाही थांबा,*
*माह्या धन्याच्या डोयाले, साउली दे रे निंबा.*

ऊन सरकत त्याच्या तोंडावर आलं. तिनं जागा बदलली आणि आपली सावली त्याच्यावर धरली. तळ्यावर जायची वेळ टळत चालली होती. तिनं त्याला उठवलं नाही.