दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संगणक

प्रश्न १. संगणकाचे भाग सांगा.

"माऊस, कीबोर्ड, मॉनिटर, सीपीयू." सातवीतली तृप्ती एका दमात सांगते. पैकीच्या पैकी गुण.

कीबोर्डला तिने कधी हात लावलेला नाही.

प्रश्न २. का?

कळवण तालुक्यातल्या या शाळेत मुलं चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत जातात आणि फळ्यावरचा माऊस वहीत काढतात. संगणक पांढऱ्या कापडाखाली असतात. किशोर सर ते कापड वर्षातून एकदाच काढतात, दसऱ्याला. हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग पुन्हा कापड.

प्रश्न ३. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काय घडले?

"सर, एकडाव दाबू का?" तृप्ती म्हणाली. "उद्या आमी पिंपळगावकडं द्राक्षाच्या छाटणीला चाललो. मंग ही शाळा नाय."

"आणि बिघडला म्हणजे? साहेब मला धरतील, तुला नाही."

"देव कोपंल गं, तृप्ते!" मागून कुंदन ओरडला. वर्ग हसला.

नव्या योगिनी मॅडम दारात होत्या. "सर, काल माझ्या आईनं विळा पुजला. आज त्याच विळ्यानं ती बाजरी कापतेय."

"विळा बिघडत नाही, मॅडम."

"बोथट होतो. मग धार लावतात. म्हणून कुणी तो देव्हाऱ्यात नाही ठेवत."

सरांची नजर पांढऱ्या कापडाकडे गेली. गेल्याच वर्षी कापडाखालच्या एका संगणकाची वायर उंदरानं कुरतडली होती. बिघडलाच होता, कुणीही हात न लावता!

त्यांनी कापड ओढलं, संगणक सुरू केला आणि मराठी अक्षरं लावली.

(इथे प्रश्न नाही.)

तृप्तीने 'त' दाबला. बोट उचलायचं असतं, हे तिच्या वहीत नव्हतं.

ततततततततततततत

"बिघडला!" ती रडवेली झाली. सरांचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला.

"नाही बिघडला," सर म्हणाले. "कसं पुसायचं, तूच शोध."

एक कळ चुकली. आणखी एक चुकली. मग अक्षरं भराभर मागे सरकू लागली. एक 'त' उरला तेव्हा तिने बोट उचललं.

"हा ऱ्हाऊ द्या, सर. हा माझा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तीच्या घरच्यांना घेऊन जीप गेली. सरांनी पिंपळगावकडच्या शाळेत फोन लावला. "एक मुलगी येतेय, गुरुजी. तिला संगणकाच्या कळा दाबू द्या. चुकेल. चुकू द्या."

शेवटचा प्रश्न तुम्हाला, वाचकहो. तुमच्या गावच्या शाळेत संगणकावर कापड आहे का? असेल तर ते काढायला लावा. पूजा झाली की अवजार हातात घ्यायचं असतं, आणि शिकणाऱ्या हाताला चुकायची मुभा द्यायची असते.