सरांचा शेवटचा डाव मी पाहिलाय

बोलणं हे माझं काम नव्हे. बघायचं आणि बघितलेलं जसंच्या तसं ठेवायचं, एवढंच मला येतं. मी एक कॅमेरा. पण जे पाहिलं ते आता माझ्याजवळ उरलेलं नाही, म्हणून नाइलाजाने तोंड उघडतोय.

माझा पहिला मालक लग्नांचे व्हिडिओ काढायचा. नवरानवरीपेक्षा जेवणाऱ्यांचे चेहरेच मी जास्त पाहिले. नवा कॅमेरा आल्यावर त्याने मला शेजारच्या गाळ्यातल्या कवळ्या बनवणाऱ्याला देऊन टाकलं.

हा माझा दुसरा मालक. आठवडाभर मेण, प्लास्टर आणि लोकांच्या दातांचे साचे. शनिवारी बुद्धिबळाच्या स्पर्धा. त्याही जलद, प्रत्येकाला वीस मिनिटं. तिथे खेळ्या लिहून ठेवायला सवड नसते, त्यामुळे नेमकी कुठे माती खाल्ली ते नंतर आठवत नाही. त्यावर तोडगा म्हणजे मी. कामाच्या दिव्याचा वाकणारा दांडा काढून त्याने मला त्यावर बसवलं. पंचांची आणि समोरच्याची परवानगी काढायची, मला वरून पटावर रोखायचं, लाल दिवा पेटला की खेळायला बसायचं.

सुरुवातीला मला ही शिक्षाच वाटली. लग्नात माणसं हलायची तरी! पण हळूहळू मला हात वाचता यायला लागले. घाबरलेला हात मोहऱ्याला उगाच दोनदा शिवतो. मालक रविवारी दुपारी मला टीव्हीला जोडायचा आणि वहीत स्वतःच्या चुका उतरवायचा. त्याची बायको म्हणायची, "चुका शोधायला एवढा खटाटोप कशाला? मला विचारा, तोंडपाठ सांगते."

मालकाला बुद्धिबळ शिकवलं त्याच्या शाळेतल्या सरांनी. सर आता पंचाहत्तरीचे, एकटे राहायचे. हल्ली विसरायचे. एकदा गॅस तसाच राहिला, तेव्हापासून मुलगी मागे लागली होती, घर बंद करा आणि माझ्याकडे या. सर दाद देत नव्हते. पण त्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत गुरुशिष्य समोरासमोर आले, तेव्हा बसता बसता म्हणाले, "आज हरलो तर पट गुंडाळणार, आणि मुलीचंही ऐकणार. डोकं चालतंय की नाही, ते मला पटावरच कळतं."

तो डाव मी वरून पाहिला. सरांच्या वजिराने शह दिला आणि मालकाचा राजा एक घर बाजूला सरकला. थोड्या वेळाने तो गुपचूप आपल्या घरी परतला. पुढे सरांनी असा हल्ला चढवला, की मालकाचा हात मोहऱ्यांना दोनदा शिवायला लागला. आणि घाईघाईत त्याने किल्लेकोट केला. राजा दोन घरं सरकवून कोपऱ्यातला हत्ती त्याच्या पलीकडे आणून ठेवला. राजा एकदा हलला की तो परत आला तरी किल्लेकोट करता येत नाही. हा नियम दोघांनाही पाठ होता. पण राजा हलला होता हेच दोघे विसरले. पंच दुसऱ्या टेबलापाशी होते. मी बघत होतो, पण मला कोण विचारतो?

मालक जिंकला. सरांनी हात मिळवला, निकालाच्या कागदावर सही केली. एकदा सही झाली की निकाल बदलत नाही.

रविवारी दुपारी मालक कौतुकाने डाव बघायला बसला. एका जागी थांबला. मागे गेला. पुन्हा मागे.

बायकोने विचारलं, "काय झालं? जिंकलात ना?"

"माझा राजा आधी हलला होता गं. सर हरलेच नव्हते."

"मग सांगा त्यांना. इतकं साधं आहे."

दुसऱ्या दिवशी तो मला पिशवीत घालून सरांकडे गेला. दारावर चिठ्ठी होती, 'किल्ली घेतली का?' सर पुस्तकं खोक्यात भरत होते.

"बरा आलास," सर म्हणाले. "मुलगी शनिवारी न्यायला येतेय. अरे, जिंकत आलेला डाव माझ्या हातून सुटला कसा? रेकॉर्डिंग दाखव ना. चूक कळली, तर मनाला बरं वाटेल."

पिशवीत मालकाचा हात माझ्यावर होता. मला वाटलं, आता काढेल. ज्यांनी हा नियम फळ्यावर काढून शिकवला त्यांच्याच नजरेतून तो सुटला, हे त्यांना कसं दाखवायचं, असं त्याला वाटलं असणार. खरं सांगायचं तर घरी कपाटावर ठेवलेली बक्षिसाची ढालही त्याला दिसत असणार. डावात झाली ती चूक होती, पण आता त्याने जे केलं ते जाणूनबुजून.

"सर, त्या दिवशी बॅटरी संपली होती. काही रेकॉर्डच झालं नाही."

बॅटरी भरलेली होती हो माझी!

सरांनी हातातलं पुस्तक खोक्यावर ठेवलं. "लाल दिवा पेटलेला मी पाहिला होता." मग स्वतःशीच मान हलवली. "नसेल. हल्ली नसलेलंही दिसतं मला. मुलगी म्हणते तेच खरं."

घरी येऊन मालकाने तो डाव पुसून टाकला आणि मला जुन्या साच्यांच्या खणात ठेवलं. पुन्हा कधी त्याने स्वतःचा खेळ रेकॉर्ड केला नाही.

सरांचा फोन दर रविवारी यायचा. मालक स्पीकर लावून घरी आणलेलं काम करायचा, म्हणून मला खणातून सगळं ऐकू यायचं. सर तोच डाव मनात मांडून स्वतःची चूक शोधत होते. "उंट लवकर काढला का रे मी?" मालक म्हणायचा, "हो सर, तिथेच." पुढच्या रविवारी घोडा, त्याच्या पुढच्या रविवारी प्यादं. प्रत्येक वेळी "हो सर, तिथेच."

गेल्या रविवारी सरांचा आवाज फार बारीक झाला होता. "एक विचारू? आपण तो डाव खरंच खेळलो होतो ना रे?"

"खेळलो होतो, सर."

"मुलगी म्हणते, मी बरंच काही मनानेच रचतो. तिला दाखवायला काहीतरी हवं होतं."

खणात मला फक्त साचा घासल्याचा आवाज आला. सरांनी फोन ठेवला.

सर, तो डाव झाला होता. तुम्ही चुकला नव्हता आणि लाल दिवा पेटलेला होता. हे सांगणारा मी एकटाच आहे, आणि माझ्यात आता काही शिल्लक नाही.