सूनबाईची सुट्टी

माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून तिच्या लेकरांना आईचा पुळका फोनवर येतो. सकाळी घरच्या ग्रुपवर जोडलेले हात, संध्याकाळी लाल बदाम. निस्तरायचं मात्र सगळं मधल्या सुनेनं. तिचा नवरा मालट्रक चालवतो, आठ-आठ दिवस घरी नसतो. ताईला भरवायचं, पुसायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कूस बदलायला खरं तर दोन माणसं लागतात. ही एकटीच करते.

मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला विश्रांती द्या, नाहीतर त्या घरात दुसरी खाट टाकावी लागेल. झालं, ग्रुपवर नुसती झुंबड! थोरला बँकेत साहेब आहे, त्यानं पुढाकार घेतला. धाकटी लेक, जिला सगळे बेबी म्हणतात, ती शिक्षिका. तिनं मजकूर लिहिला. वहिनीसाठी तळ्याकाठच्या हॉटेलात दोन रात्री, वर मालीश. 'स्वतःसाठी जग गं वहिनी!' वाचून माझं डोकं फिरलं, पण म्हटलं, निदान सुचलं तरी.

त्या सकाळी मी तिला निरोप द्यायला गेले. सूनबाई तयार, बॅग तयार, गाडी दारात. आणि ताईजवळ बसायला घरात कोणी म्हणजे कोणी नाही. दोघांनी मिळून विश्रांती विकत घेतली, पण त्या दोन दिवसांत आईला उचलणार कोण, हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं!

मी थोरल्याला फोन लावला.

"आज होय? मला वाटलं, बेबी येणार आहे."

बेबीला लावला.

"म्हणजे दादा नाही आला? माझ्याकडे आज पाहुणे आहेत गं मावशी. आणि तू आहेसच ना तिथे?"

मी आहेच! माझे गुडघे मला स्वतःला उचलू देत नाहीत.

सूनबाईनं चपला काढल्या. "राहू दे मावशी. मला सवय आहे."

सवय! तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दंडाला धरून तिला गाडीत कोंबली.

"मावशी, बारा वाजता कूस..."

"मला घड्याळ कळतं. नीघ!"

मग दोघांना पुन्हा फोन केला. "सून गेली. मी एकटी आहे आणि मला उचलता येत नाही. तुमची आई आहे, या." एवढं सांगून फोन बंद करून टाकला.

आले की दोघं, फणफणत. "मावशी, असं वेठीला धरायचं असतं का?" थोरल्यानं आवाज चढवला. मी नुसतं खाटेकडे बोट दाखवलं. त्यानं आईला काखेत धरून ओढलं, तशी ताई कळवळली.

"अरे, पोतं आहे का ते? खालची चादर धर. बेबी, तू तिकडून."

तिसऱ्या खेपेला ताई कुशीवर वळली. बेबीनं आईची पाठ पाहिली. इतके महिने अंथरुणावर काढलेल्या बाईची पाठ, पण साधा लाल डाग नव्हता. बेबी स्टुलावर बसून रडायला लागली. मी समजूत काढली नाही. वहिनी पडली तेव्हा कुठे होतं हे पाणी?

दुपारी थोरल्यानं आईला चमच्यानं भरवलं, अर्धं तिच्या गळ्यावर, अर्धं स्वतःच्या शर्टावर. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात, ऊन उतरलं तसे साहेब बूट घालायला लागले.

"रात्रीसाठी एखादी बाई बघतो. ग्रुपवर टाकतो."

ग्रुपवर! बेबीनंही हळूच पर्स उचलली. मी उठले, दाराला आतून कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

"सून परवा येणार. तोवर रात्र तुझी, पहाट हिची. चहा माझ्याकडे."

"हा काय पोरकटपणा आहे, मावशी? उघड दार!" थोरला लालबुंद झाला, खाटेकडे वळला. "आई, तूच सांग हिला."

ताईला बोलायला वेळ लागतो. ओठ वाकडे झाले, लाळ आली. बेबीनं ती पदरानं पुसली. मग माझ्याकडे बघत ताई एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"कुलूप... ओढून... बघ."