सोमवारचा कूट

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच छाती ठोकून सांगतो. खरं म्हणजे मला छाती नाही, नुसतं पोट आहे. मी एक जुना लोखंडी खल आहे. खलबत्त्यातला खोलगट, जाड बुडाचा, तो मी. माझ्या पोटात आडवा पडून जो घोरतो आहे तो बत्ता. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

मित्रांनो, माझं लोखंड साधंसुधं नाही. ते एका तोफेचं आहे. ती तोफ एवढी मोठी होती की पावसाळ्यात तिच्या तोंडात दोन म्हशी बांधत. तिनं एकदाच गोळा टाकला आणि शिप्रा नदीपलीकडची अख्खी टेकडी सपाट झाली. तिथे आता हरभरा पिकतो. पुढे देवास गेटजवळच्या एका ओताऱ्यानं ती वितळवली आणि तिच्यातून माझा जन्म झाला.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी सुलभाबाई लग्न होऊन उज्जैनला आल्या आणि त्यांच्या रुखवतातून मी आलो. त्यांचे यजमान दत्तात्रय. त्यांचे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून, आजोबा कारकून, वडील कारकून. दत्तात्रय मध्यभारत राज्याच्या कचेरीत कारकून. राज्यं बदलली, या घरातली कारकुनी काही बदलली नाही.

माझं काम दाणे कुटायचं. भाजलेले शेंगदाणे पोटात पडले की बत्ता ठणठण नाचायचा आणि असा कूट व्हायचा की शेजारणी वाटी घेऊन यायच्या. "सुलभाबाई, क्या कूटती हो, एकदम मक्खन!" म्हणायच्या. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाच्या खिचडीत तर बघायलाच नको. मी फुगून जायचो. मला एकच पथ्य होतं. लोखंड गंजतं, म्हणून मला पाणी लावायचं नाही. काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मांडणीवर ठेवायचं. सुलभाबाईंच्या आईनं तसं बजावून पाठवलं होतं. त्यांनी ते पथ्य नऊ वर्षं मोडलं नाही.

इथून पुढे मला जरा हळू बोलू द्या.

त्यांना एक मुलगी झाली, जयू. टपोऱ्या डोळ्यांची, बडबडी. पण तिला मधूनच काहीतरी व्हायचं. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, छातीतून बासरीसारखा आवाज यायचा. घटकाभरानं उतरायचं, पण मग दिवसभर ती अशी काही वागायची की विचारू नका. ताट भिरकावायची, आईच्या हाताला चावायची, कोपऱ्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायची. "काय झालं?" म्हटलं की एकच सांगायची, "मला काटे टोचतात. खिचडीत काटे असतात."

खिचडीत कुठे काटे असतात? सुलभाबाई खिचडी चिवडून दाखवायच्या. "बघ, कुठे आहेत? दाखव मला एक तरी."

तिला दाखवता यायचं नाही. मग ती रडायची.

जयू सहा वर्षांची होती त्या वर्षी मध्यभारत मोडून नवं राज्य व्हायचं ठरलं. राजधानी भोपाळ. कचेरीत रोज नवी बातमी. कोण इथे राहणार, कोण भोपाळला जाणार, याची यादी निघायची होती. दत्तात्रयांची झोप गेली. घरी आले की दाराची कडी जरी वाजली तरी खेकसायचे. शेवटी त्यांनी महाकालाला नवस बोलला की बदली टळू दे, सगळं घर श्रावणी सोमवार करील.

सगळं घर म्हणजे जयूसुद्धा.

त्यात उज्जैनचा श्रावण. इथल्या हिंदी लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. देव कोणता श्रावण मोजतो कुणाला ठाऊक, म्हणून सुलभाबाईंनी दोन्ही धरले. त्यामुळे सोमवार वाढले आणि माझी ठणठणही वाढली.

आता ऐका. जयूला माझा आवाज कळायला लागला. बत्त्याचा पहिला ठोका पडला की ती जिथे असेल तिथून किंचाळायची. दत्तात्रय ओरडायचे, "ए, काय हल्ला मचवलाय! सगळं घर उपासाला बसलंय आणि हिचंच नाटक!" शेजारीण म्हणायची, "छोरी को नजर लगी है।" सुलभाबाई आधी समजावायच्या, मग विनवायच्या, मग एक धपाटा घालायच्या, आणि मग माझ्यापाशी येऊन बसायच्या. कुटता कुटता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यात पडायचं. एका सोमवारी इतकं पडलं की खिचडीत मीठ घालावं लागलं नाही. हे मात्र थापेतलं समजू नका.

दुसऱ्या सोमवारनंतर बत्ता नाहीसा झाला. सगळं घर शोधलं. जयूनं तो ज्वारीच्या डब्यात खोल पुरला होता. तीन दिवस कूट झाला नाही. त्या तीन दिवसांत पोरगी दोन दोन पोळ्या खायची, अंगणात टिपरीपाणी खेळायची, वडिलांच्या पाठीवर बसायची. सुलभाबाई दत्तात्रयांना म्हणाल्या, "बघितलंत? कशी छान आहे. म्हणजे सोमवारचंच ढोंग."

"मी म्हणत नव्हतो? लाडानं बिघडवलीयस तू."

चौथ्या दिवशी दळणासाठी ज्वारी काढताना बत्ता सापडला. जयूनं मार खाल्ला.

पण सूज काही ढोंगानं येत नाही, एवढं सुलभाबाईंना आतून कळत होतं. त्या राम घाटाच्या वाटेवरच्या एका वैद्यबुवांकडे गेल्या. त्यांनी ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी दिली. म्हणाले, "कुटून, वस्त्रगाळ करून मधातून चाटवा. दिवसातून तीनदा."

कुटायचं कशात? घरात खल एकच.

मित्रांनो, माझ्या पोटात नऊ वर्षांचा कूट मुरलेला होता. फडक्यानं पुसल्यानं तेल जात नाही. मला ठाऊक होतं. माझ्या बुडाशी दाण्याची लाल फोलपटं चिकटलेली असायची, हेही मला ठाऊक होतं. जे खाऊन पोरीचा श्वास कोंडत होता, तेच मी तिच्या औषधात मिसळून देत होतो आणि सुलभाबाई तिचं नाक दाबून ते तिला चाटवत होत्या. औषध घेतलं की जयूची सूज वाढायची. वैद्यबुवा म्हणायचे, दोष बाहेर पडतोय, मात्रा वाढवा. आम्ही वाढवली.

मी काय करणार, मी तर लोखंडाचा, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे. ती पटत नसे.

चौथा सोमवार. संध्याकाळी महाकालाच्या पालखीची सवारी निघायची होती. सकाळपासून जयूनं तोंडात काही घेतलं नव्हतं. खिचडी नको, दूध नको, पाणीसुद्धा नको. फक्त सकाळचं चाटण तेवढं बळेच दिलं होतं. दुपारी तिचे डोळे सुजून बारीक झाले. छातीतली बासरी जोरात वाजायला लागली. बोलायला गेली तर नुसती हवा बाहेर आली. सुलभाबाईंनी घाईघाईनं पुन्हा औषध कुटलं, माझ्यातच मध ओतला, बोटानं कालवला. दत्तात्रयांनी पोरीचे दोन्ही हात धरले.

"तोंड उघड, जयू. बेटा, उघड ना. आई मरेल गं तुझी काळजीनं."

पोरीनं दात घट्ट मिटले होते.

आता ज्यावर तुमचा विश्वास बसणार नाही ते हे. मी खल, दहा शेर वजनाचा, जन्मात जागचा न हललेला. पण माझ्या अंगात तोफेचं रक्त आहे! मी मनाचा निश्चय केला, एक गिरकी घेतली, पाटावरून हवेत हातभर उडालो आणि धाडकन मोरीत जाऊन उपडा पडलो. मोरीची फरशी दुभंगली. औषध सगळीकडे सांडलं. सुलभाबाई पुसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. पिवळट चाटणात एक लाल फोलपट चिकटलं होतं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला दाण्याचा वास येतोय. हिनं सकाळपासून काहीच खाल्लं नाही. फक्त हेच खाल्लंय."

दत्तात्रयांनी पोरीचे हात सोडले.

मग टांगा आणला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली. संध्याकाळपर्यंत श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, "दाना मत दीजिए इसको। किसी-किसी को ज़हर होता है। बस, इतना ही।" नऊ वर्षांचा आमचा नावलौकिक, आणि इतकंच.

सवारी कोणी पाहिली नाही. बदलीच्या यादीत नाव आलं की नाही, ते विचारायला दत्तात्रय दोन दिवस कचेरीत गेलेच नाहीत. तेव्हापासून ते जेवायला बसले की पहिला घास हातात धरून विचारतात, "जयू, काही टोचतंय का बाळा?" तिनं मान हलवली की मग घास तोंडात घालतात. ती कधी कधी मुद्दाम उशीर करते. ते थांबतात.

मला सुलभाबाईंनी राख लावून उकळत्या पाण्यानं धुतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. मी गंजलो. कोणी मला बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

तर मित्रांनो, ज्या भांड्यात औषध करायचं ते आधी धुवा. गंजलं तर गंजू द्या. आणि तुमचं धाकटं भावंड काटे टोचतात म्हणालं, तर काटे दाखव म्हणू नका. आम्हा मोठ्यांना ते दिसत नाहीत, एवढंच त्याचं कारण असतं. माझ्या हातून खूप चुकलं, पण निदान शेवटच्या क्षणी मी उडी मारली, पोरगी वाचवली, याचं मला...

"खोटं!"

बत्ता जागा होता.

"साफ खोटं. तू तसूभर हलला नाहीस. हात धरलेले होते म्हणून जयूनं तुला लाथ मारली. पायाचा अंगठा फुटला तिचा. आणि फरशी दुभंगल्याबद्दल दत्तात्रयांनी तिच्या मुस्काटात मारली. तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. ते का नाही सांगितलंस?"