धुळाप्पांची हाळी

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. नाव एवढं भारदस्त, पण उभ्या आयुष्यात त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. सगळे मला डबाच म्हणाले. "डबा बंद कर", "डबा तापलाय", "डब्यावर फडकं टाक". आता मी मुरुम गावच्या बाजारपेठेत शांतलिंगअप्पांच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, फुटके रिमोट आणि मुके रेडिओ यांच्या शेजारी फळीवर पडून आहे. माझा एवढासा हिरवा दिवासुद्धा आता लागत नाही. तरी माझी गोष्ट ऐका, कारण ती माझी कमी आणि एका माणसाच्या आवाजाची जास्त आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच हुबेहूब हजारो भावंडं तिथं जन्मली. पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या पोटात एक गुप्त खूण घातलेली असते. धनगर कसा आपल्या मेंढीच्या कानाला खाच पाडतो, मग ती कुठल्याही कळपात मिसळली तरी त्याला ओळखू येते, तशीच ही खूण. मी जे काही भरून ठेवीन त्यावर माझी खूण उमटणार आणि ते मलाच उघडता येणार. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही. ही खूण काही मी मागून घेतली नव्हती. पण माझ्या जन्माचं सगळं दुःख तिच्यापाशी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मुरुमच्या शिवेवर एक लहानशी धनगरवस्ती आहे. तिथल्या धनाजीच्या घरी मी आलो. धनाजी एसटीत कंडक्टर. घरात त्याची बायको राजेश्वरी, कॉलेजात जाणारी मुलगी मोनिका आणि म्हातारे आईबाप, नागूबाई आणि धुळाप्पा. मला टीव्हीखालच्या फळीवर जागा मिळाली. दिवसभर मालिका, बातम्या, कुस्त्या. खोटं कशाला सांगू, माझी चैन होती.

धुळाप्पा मात्र माझ्याकडं ढुंकून बघत नसत. त्यांचा जीव मेंढरांत. दिवस कलला की ते माळावरून हाळी देत. आधी जिभेवर घोळवलेला लांब "हुर्रर्र", मग वर चढत जाणारं "याऽऽ काळे, याऽऽ". काळी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. ती वळली की सगळा कळप वळायचा. हाळी घरात ऐकू आली की नागूबाई हातातलं काम टाकून उठत आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं झापं, म्हणजे काट्याकुट्यांचं दार, बाजूला करून उभ्या राहत. लग्न झाल्यापासून हा नेम. नवरा-बायकोत दुसरं बोलणं फारसं होत नसे, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नसे.

एका हिवाळ्यात टीव्हीवाली माणसं कॅमेरा घेऊन शिवारात आली. मेंढपाळांवर कार्यक्रम करायचा होता. धुळाप्पा म्हणाले, "माझं काय काढताव? काळीचं काढा. मालकीण ती हाय." कॅमेरा मेंढरांसाठी आहे अशीच त्यांची समजूत, म्हणून ते मोकळेपणानं वावरले आणि संध्याकाळी नेहमीसारखी हाळी दिली. एरवी घरातल्या कुणी मोबाईल समोर धरला की ते तोंड फिरवून उठून जात.

कार्यक्रम लागायला बरेच महिने गेले. तोवर धुळाप्पांचा घसा बसला. आधी वाटलं, थंडी बाधली असेल. मग आवाज फाटला, घास उतरेना. उमरग्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला धाडलं. तिथं कळलं की गळ्यात गाठ आहे आणि ती काढायची तर आवाजही जाणार. आणि नेमकं तेव्हाच, कार्यक्रम येत्या रविवारी सकाळी लागणार असा निरोप आला.

आता तो भरून कसा ठेवायचा? घरात खल सुरू झाला. मोनिका म्हणाली, "त्यात काय, टीव्हीपुढं मोबाईल धरते की."

"मोबाईल नगं," नागूबाई म्हणाल्या. "घरात कुकरची शिट्टी हुती, कुत्रं भुकतंय, तू फिदीफिदी हसतीस. समदं त्यात शिरंल. मला निस्ता त्येंचा आवाज पायजे. चांगला हुता तवाचा."

धनाजीनं शांतलिंगअप्पांना बोलावून घेतलं. अप्पांकडं कॅसेट भरण्याचं जुनं मशीन होतं. "मशीन देतो," अप्पा म्हणाले, "पण कोरी कॅसेट आता मिळायची कुठं? आन् मिळाली तरी तिला बुरशी लागती." मग त्यांनी मला उचलून उलटंपालटं केलं आणि माझ्या पाठीमागची खाच बोटानं दाखवली. "हे बघा, घर सोडून गाव कशाला हुडकताव? हितं पेनड्राईव्ह घाला, बटण दाबा. टीव्हीतलं सरळ आत जातंय. घरात ढोल बडवला तरी त्यात येणार न्हाय."

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली. इतकी वर्षं मी नुसता दाखवणारा होतो. आता मी राखणारा झालो.

निघताना अप्पा दारातून धनाजीला म्हणाले, "एक ध्येनात ठेव बरं का. ह्या डब्यानं भरलेलं ह्योच डबा दावतो. दुसऱ्यात चालत न्हाय."

धनाजीची ड्यूटीची वेळ झाली होती. तिकिटाचं मशीन पट्ट्यात अडकवत तो म्हणाला, "व्हय व्हय, अप्पा." शब्द कानावर पडले, पण आत गेले नाहीत. माणसाचं असं होतं. त्याला मी दोष देत नाही.

रविवारी सगळे टीव्हीपुढं बसले. मी धुळाप्पांचा आवाज जसाच्या तसा टिपला. स्वतः धुळाप्पा भिंतीला टेकून बसले होते. हाळी संपली तेव्हा फाटक्या आवाजात एवढंच म्हणाले, "काळी झ्याक दिसती."

पुढच्या आठवड्यात सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. धुळाप्पा परत आले ते गळ्यात पट्टी आणि तोंडात मौन घेऊन.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. दिवस कलला की मोनिका रिमोटनं कार्यक्रम पुढं पळवून थेट हाळीवर आणायची, टीव्हीचा आवाज मोठा करायची आणि खिडकी उघडायची. धुळाप्पांची हाळी माळावर जायची. राजेश्वरी मेंढरं राखायला जाई, पण तिच्या हाकेला काळी दाद देत नसे. टीव्हीतली हाळी ऐकली की मात्र काळी मान वर करून वळायची आणि कळप घराकडं यायचा. धुळाप्पा दारात बसून ते बघायचे. नागूबाई नेमानं उठून झापं काढायच्या. आपलाच आवाज आपल्याशिवाय काम करतोय हे बघताना त्या माणसाच्या मनात काय येत असेल? मला त्यांच्याकडं बघवत नसे.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, धुळाप्पांची काठी आणि त्यांच्या शेजारी पेनड्राईव्ह. नागूबाई त्याला कांडी म्हणत. कांडीला भंडारा लागला, हात जोडले गेले. मी फळीवरून बघत होतो. मला वाटलं, आपल्यालाही चिमूटभर भंडारा मिळेल. मिळाला नाही. आवाज कांडीत आहे अशी सगळ्यांची पक्की समजूत, मग डब्याला कोण विचारतो?

थंडी सरता सरता धुळाप्पा गेले. पुढं मेंढरं विकली, कारण एकटी राजेश्वरी ती किती दिवस राखणार? वाडगं मोकळं झालं. तरी रोज दिवस कलला की नागूबाई कांडी लावायला सांगायच्या. हाळी व्हायची, त्या उठायच्या, मोकळ्या वाडग्याचं झापं काढायच्या आणि थोडा वेळ उभ्या राहायच्या. धनाजीला ते बघून तुटायचं. आईचा जीव रमावा म्हणून त्यानं नवा, मोठा टीव्ही आणला आणि त्याच्याबरोबर नवा डबा.

"माय, आता बाबांचं चित्र लई स्वच्छ दिसंल बघ," तो म्हणाला. त्यानं कांडी हळुवार काढली. नागूबाईंनी ती धुळाप्पांच्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली. मला मात्र नवा डबा बसवायला आलेल्या माणसानं वायरीसकट पिशवीत कोंबलं आणि अप्पांच्या दुकानात भंगाराच्या ढिगावर टाकून दिलं. देव देव्हाऱ्यात राहिला आणि देऊळ उकिरड्यावर गेलं. मी ओरडून सांगणार होतो. पण मित्रांनो, दुसऱ्याचा आवाज सांभाळणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो.

त्याच संध्याकाळी, हे मला मागून कळलं, नव्या डब्यानं कांडी उघडायला नकार दिला. धनाजीला वाटलं, कांडीच बिघडली असेल. उमरग्याच्या दुकानात दाखवून झाली, तिथल्या कॉम्प्युटरलाही ती उघडेना. मोनिकानं इंटरनेट धुंडाळलं, तर ती वाहिनीच बंद पडलेली. असं करता करता पावसाळा उलटला, आणि एक दिवस धनाजी, मोनिका आणि नागूबाई अप्पांच्या दुकानात आले. नागूबाईंनी घोंगडीचा तुकडा उलगडून कांडी पुढं केली.

अप्पांनी ती बघितली आणि डोक्याला हात लावला. "धनाजी, अरं मी सांगितलं हुतं की रं. डबा कुठंय?"

"नवा डबा बसवणाऱ्यानं तुमच्याच भंगारात टाकला की, अप्पा," धनाजी म्हणाला.

अप्पांनी सगळा ढीग उपसला. पत्र्याच्या गळतीखाली मी सापडलो. माझ्या पोटात पाणी गेलं होतं, तारा गंजल्या होत्या. अप्पांनी दुसऱ्या एका डब्याचा वीजपुरवठ्याचा भाग काढून मला बसवला. "लागंल. पण किती येळ तग धरंल, सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "आन् ह्येचा रिमोट ढिगात घावला न्हाय, तवा फुडं पळवता येणार न्हाय. पयल्यापासनं बघावं लागंल."

मला वीज मिळाली. कांडी माझ्या पाठीत शिरली आणि मी तिला लगेच ओळखलं. माझी खूण! दुकानातल्या टीव्हीवर चित्र आलं. धनाजीनं आता शहाणपणानं मोबाईल समोर धरला. "कुणी बोलू नगासा," नागूबाई म्हणाल्या.

आधी निवेदिका बोलत राहिली. माळरानाबद्दल, लोकरीबद्दल, गवताबद्दल. बोल बाई, लवकर बोल, मी मनात म्हणत होतो, माझं अंग तापत चाललं होतं. मग काळी दिसली. मग धुळाप्पा दिसले, अंगावर घोंगडी, मागं कललेला दिवस. नागूबाईंनी पदर तोंडाला लावला. धुळाप्पांनी हाताचा आडोसा तोंडाशी धरला, छाती भरून श्वास घेतला...

आणि माझ्या पोटात काहीतरी तडकलं. जळका वास आला. पडदा काळा झाला.

मित्रांनो, मी सगळी ताकद लावली होती. अजून एका श्वासाचं काम होतं.

अप्पांनी स्क्रू काढले, तारा जोडल्या, फुंकर मारली. शेवटी त्यांनी मान हलवली. धनाजीचा हात मोबाईलसकट तसाच वर राहिला होता.

तेव्हा नागूबाई उठून दुकानाच्या दारात गेल्या. बाहेर बाजाराची वर्दळ होती. त्यांनी हाताचा आडोसा तोंडाशी धरला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः हाळी दिली. "हुर्रर्र... याऽऽ काळे, याऽऽ..." आवाज चिरका निघाला, मध्येच अडकला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघू लागली. नागूबाई मागं वळल्या, सगळ्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आसं न्हाय. त्येंचं येगळं हुतं."

"माय, अजून एकदा दे," धनाजी रडत म्हणाला. "तुझंबी ऱ्हाऊ दे."

"माझं कशाला?" म्हणून त्या पायरीवर बसल्या. पण धनाजीनं मोबाईल खाली घेतला नाही. त्या मोबाईलमध्ये आता नागूबाईंची हाळी आहे, तिच्यात बाजाराचा गोंगाट आहे, मोनिकाचे हुंदके आहेत. जे सगळं त्यांना नको होतं, नेमकं तेच हाती राहिलं.

कांडी पुन्हा देव्हाऱ्यात गेली. तिच्यात धुळाप्पा अजून छाती भरून उभे आहेत, आणि त्यांना बाहेर आणणारा मी इथं थंड पडलो आहे. अप्पा अधूनमधून मला खाली काढतात, नवा एखादा भाग लावून बघतात आणि परत फळीवर ठेवतात. त्यांनी मला पुन्हा भंगारात घातलं नाही, हे त्यांचे उपकार.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू दाराबाहेर काढण्याआधी घटकाभर थांबा. तिनं तुमचं काय सांभाळलंय, आणि तिच्यावाचून ते उघडेल का, एवढं कुणा जाणत्याला विचारा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. त्याला बोलतं करा, त्याचा आवाज कानात भरून घ्या. कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या.

दुकानाचं शटर ओढायची वेळ झाली. रोज याच वेळी दिवस कलतो, आणि तिकडं वस्तीवर नागूबाई उठून मोकळ्या वाडग्याचं झापं काढतात. हाळी आता ऐकू येत नाही. त्या तरीही उठतात.