भिंतीवर टीव्ही आला तेव्हापासून

मित्रांनो, मी एक जुने बीपीचे मशीन आहे. काचेची नळी, तिच्यात पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. माझ्या नळीवर ज्या कारागिराने आकडे कोरले, त्याचा हात जराही हलला नव्हता. म्हणून मी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

दवाखान्यात आलो तेव्हा डॉक्टर तरुण होता. मला रोज फडक्याने पुसायचा. "हे कधी खोटं बोलत नाही," असे रोग्यांना कौतुकाने सांगायचा. तेव्हा बाहेरच्या बाकांवर माणसे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसत आणि आत येईपर्यंत निम्मी बरी झालेली असत.

मग डॉक्टरने बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावला. रोग्यांना कंटाळा येऊ नये म्हणे. सकाळपासून बातम्या. चौकटीत सहा तोंडे, सगळी एकदम उघडी, ऐकणारे एकही नाही. खालच्या ओळीत तीच आग आणि तोच खून दिवसभर फिरतो. आणि बाकांवरची ही शहाणी माणसे माना वर करून ते गिळत बसतात. औषधाला म्हणून यायचे आणि आजार वाढवून घ्यायचा. आत येतात ती दात-ओठ खातच. सगळ्यांचे आकडे चढलेले.

डॉक्टरला वाटले, मीच बिघडलो. खात्री करायला त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. उठता-बसता त्याच बातम्या चघळणारा माणूस तो; त्याचा आकडा सगळ्या रोग्यांच्या वर गेला. "मशीन गेलं," म्हणाला आणि मला कपाटावर टाकून बॅटरीवरचे नवे आणले. त्यानेही तेच सांगितले. तेव्हा मला निमूट खाली काढले. माफीबिफी काही नाही.

त्याच सुमारास बसचा एक ड्रायव्हर बायकोला घेऊन येऊ लागला. बस चालवायला तब्येत ठीक असल्याचा दाखला त्याला हवा होता. दोनदा मी नको तो आकडा दाखवला. "पुढच्या महिन्यात हेच निघालं तर मी सही करणार नाही," डॉक्टर म्हणाला. ड्रायव्हरचा चेहरा उतरला. बस हातातून गेली की डेपोच्या फाटकावर राखण करत बसायचे, आणि त्याला तर दुसरे काही येतही नव्हते.

बायको म्हणाली, "डॉक्टर, गोळ्या वेळेवर घेतात हे. पण घरात पाऊल टाकलं की बातम्या लावतात. टीव्हीतल्या लोकांशी भांडतात, आणि ते ऐकत नाहीत म्हणून माझ्यावर ओरडतात."

"जगात काय चाललंय ते कळायला नको का?" ड्रायव्हर पुटपुटला.

"कळून आजवर काय केलंत? जेवण गार केलंत. आता महिनाभर टीव्ही नाही आणि मोबाईलवरच्या बातम्याही नाहीत. जग काही बुडत नाही."

महिन्याने दोघे आले. बायकोने त्याला बाकावर टेकूच दिले नाही; नंबर लागेपर्यंत बाहेर पायरीवर बसवले. पट्टा गुंडाळला तेव्हा त्याचा दंड सैल होता. पारा सावकाश उतरत गेला आणि ठोका लागला तो अगदी शहाण्या आकड्याला.

डॉक्टरने सही केली. "गोळी लागू पडली," असे म्हणायची हौसही भागवून घेतली. गोळी तीच होती, जुनीच. ड्रायव्हर डोळे पुसत बाहेर गेला. डॉक्टरने ड्रायव्हरच्या बायकोला थांबवून हळूच विचारले, "सुरुवातीला फार त्रास झाला का हो त्यांना?"

"चार-पाच दिवस नुसती चिडचिड. मग शांत झोपायला लागले," ती म्हणाली. "तुम्हालाही जमेल."

ती गेल्यावर त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. आकडा बघितला. या वेळी मशीन बिघडले असे म्हणाला नाही. पण उठून टीव्हीही बंद केला नाही. एवढा शिकलेला माणूस एका बटणाला घाबरतो, याची मला किळस येते. आणि त्याच्यावर माझा जीव आहे, म्हणून भीतीही वाटते.

मित्रांनो, तुम्ही तरी थोडे दिवस त्या बातम्या बंद ठेवा. मी फक्त आकडा सांगू शकतो. पुढचे काम तुमच्या बोटाचे आहे, आणि ते बोट सध्या दिवसभर कुठे फिरत असते, हे मला कुणी सांगायला नको.